“काही नाही काका, मस्करी करतात ते”

प्रश्न थोडक्यात असा. एक दादा शाळेची व्हॅन चालवतात. गाडीत पाचवी ते नववीची चौदा मुलं. पाचवीतल्या एका मुलाला नववीतले तिघे रोज मागच्या सीटच्या कोपऱ्यात दाबून बसवतात, त्याचा डबा उघडून खातात, दप्तर एकमेकांकडे फेकतात आणि त्याच्या जाडेपणावर रचलेलं एक गाणं सगळ्यांना म्हणायला लावतात. दादा ओरडले की दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलाला विचारलं की तो हसून म्हणतो, “काही नाही काका, मस्करी करतात ते.” दादा विचारतात, ही खरंच मस्करी असेल का? नसेल तर सांगू कुणाला? त्या तिघांतले दोघे चुलतभाऊ, त्यांच्या घरची एकूण तीन मुलं याच गाडीत. त्यांनी गाडी सोडली तर व्हॅनचा हप्ता कसा भरायचा?

दादा, मी १८ वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, त्याआधी काही वर्षं वर्गशिक्षिका होते. अशा त्रासाबद्दल मला आयांनी विचारलं, शिक्षकांनी विचारलं, एकदा एका आजोबांनी विचारलं. व्हॅनवाल्या काकांनी विचारायची ही पहिलीच वेळ. खरं तर पहिला प्रश्न तुमच्याकडूनच यायला हवा होता. वर्गात बाई असतात, घरी कुणी ना कुणी असतं, मधला पाऊण तास मात्र फक्त तुमच्या आरशात दिसतो.

आधी मस्करीचं बघू. ती ओळखायला जाडजूड पुस्तक लागत नाही. आपण सगळे लपाछपी, डबा ऐसपैस, साखळी खेळलोय. राज्य घ्यायला कुणालाच आवडत नाही, पण ते फिरतं म्हणून खेळात मजा येते. आणि चप्पल तुटली, गुडघा फुटला की “टाइमप्लीज” म्हणायचं, सगळे थांबायचे. मी मुलांना हेच दोन प्रश्न विचारते. राज्य फिरतं का? आणि टाइमप्लीज म्हटल्यावर डाव थांबतो का? तुमच्या गाडीत गेल्या महिन्याभरात त्या पाचवीतल्यानं नववीतल्या एखाद्याचा डबा पळवला आणि तो नववीतला मोकळेपणानं हसला, असं एकदा तरी झालं का? “पुरे ना आता” म्हटल्यावर दप्तर परत आलं का? दोन्हींचं उत्तर “नाही” असेल तर ती मस्करी नव्हे, मग मुलगा कितीही हसत असो.

अभ्यासकही फार वेगळं सांगत नाहीत. नॉर्वेत काम केलेल्या डॅन ओल्वेअस यांनी १९७०च्या दशकापासून शाळकरी मुलांमधल्या या त्रासाचा अभ्यास केला. उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर १९८३मध्ये तिथल्या सरकारनं देशभर मोहीम काढली, तिच्यामागे त्यांचंच काम होतं. त्यांनी तीन खुणा सांगितल्या: दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं, आणि दोघांच्या ताकदीत फरक. तिसरी खूण आपल्याकडे हमखास विसरली जाते, कारण ताकद म्हटलं की आपल्याला दंडच आठवतात. व्हॅनमधली ताकद कशात असते ते बघा: वय, तिघांचं टोळकं, खिडकीची जागा, कोण आधी उतरतं आणि कोण शेवटपर्यंत राहतं. आणि कुणाच्या घरची तीन मुलं गाडीत आहेत, हेसुद्धा. दादा, ही शेवटची ताकद तुमच्यावरही चालतेय. तुम्ही दोन दिवस ओरडून तिसऱ्या दिवशी गप्प का होता, हे त्या पोरांना तुमच्याइतकंच ठाऊक असणार. पोरं असले हिशेब फार लवकर शिकतात.

मग तो “काही नाही” का म्हणतो? मला वाटतं, त्याच्याकडे शब्दच नाही. मराठीत या प्रकाराला शब्द ढीगभर आहेत: चिडवणं, खोडी काढणं, टर उडवणं, टोमणे मारणं, दादागिरी, वाळीत टाकणं, छळ. पण दहा वर्षांच्या मुलानं यातला कुठला वापरायचा? “मला चिडवतात” म्हटलं तर मोठी माणसं म्हणतात, “एवढंच ना? लक्ष देऊ नकोस.” “माझा छळ होतो” असं तर कुठलंच मूल बोलत नाही. चिडवणं फार लहान पडतं, छळ फार मोठा. मधे काही सापडत नाही म्हणून मूल “काही नाही” म्हणतं. वरून चहाडखोर ठरायची भीती. आणि हसण्याचं म्हणाल तर तो टाळ्या वाजवणाऱ्यांत सामील झाला की मार थोडा कमी लागतो. माझ्याकडे सहावीतला एक मुलगा यायचा, तो नव्या मुलांना स्वतःची ओळखच “मी ढापण्या” अशी करून द्यायचा. कुणी म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायचं. शिक्षक मला सांगायचे, बघा, किती खेळकर आहे! तो रविवारी रात्री जेवत नव्हता, हे त्याच्या आईनं खूप नंतर सांगितलं.

म्हणून मी मुलांना “तुला कोण त्रास देतं?” असं विचारतच नाही. त्या प्रश्नात त्याला आधी ठरवावं लागतं की हा त्रास आहे, मग नाव घ्यावं लागतं, आणि दोन्ही जड जातं. मी कागद देते आणि शाळेचा नकाशा काढायला सांगते. फाटक, जिना, पाण्याची टाकी, मुतारी, मैदान, व्हॅन. मग म्हणते, जिथे जायला नको वाटतं तिथे लाल खूण कर. एकही नाव न घेता मूल बरंच सांगून जातं. जिन्याच्या वळणावर लाल, टाकीच्या मागे लाल. एका मुलीनं फक्त स्वच्छतागृहावर खूण केली होती. ती शाळेत दिवसभर पाणीच प्यायची नाही, म्हणजे तिथे जायला नको. तुम्हाला कागद-पेन्सिलचं नाटक करायची गरज नाही. तुम्ही साधं विचारा, “आज डब्यात काय होतं? तू किती खाल्लंस?” याचं उत्तर द्यायला कुठलंही मूल घाबरत नाही.

हे विचारायचं कुठे, तेही सांगते, राग मानू नका. त्याला एकट्याला गाडीत थांबवून, दार लावून, शेवटच्या स्टॉपनंतर अजिबात नाही. शाळेच्या फाटकाशी, चार लोकांच्या नजरेसमोर पण चार लोकांच्या कानाआड. यात त्याचंही भलं आहे आणि तुमचंही. आणि “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. असलं वचन मी नोकरीच्या पहिल्या वर्षी देऊन बसले होते. नंतर ते मोडावं लागलं आणि ती मुलगी वर्षभर माझ्याशी बोलली नाही. “तुला आधी सांगितल्याशिवाय मी काही करणार नाही” एवढंच म्हणा. ते पाळता येतं.

आता गाडीत काय करायचं. ओरडणं दोनच दिवस का टिकतं? ओरडण्यानं त्या तिघांचा सगळ्यांदेखत अपमान होतो, आणि त्याची वसुली जिथे तुम्ही नसता तिथे होते: मधल्या सुट्टीत, क्लासच्या बाहेर. म्हणून आवाज चढवू नका आणि भाषणही देऊ नका. कृतीचं नाव घ्या, तेवढंच. “डबा परत दे.” “दप्तर खाली ठेव.” दरवेळी, त्याच सपाट आवाजात. दमायला तुम्ही नव्हे, त्यांनी दमलं पाहिजे.

त्याहून उपयोगी पडतात बसायच्या जागा. येत्या सोमवारपासून सगळ्यांच्या जागा दर आठवड्याला बदलणार, असं जाहीर करा. फक्त त्या मुलाला पुढे आणलंत तर “काकांचा लाडका” म्हणून नवं गाणं तयार होईल. फक्त त्या तिघांना पुढे बसवलंत तर ती शिक्षा ठरेल आणि संध्याकाळी घरून फोन येईल. सगळ्यांच्या जागा फिरल्या की कुणालाच बोलायला जागा राहत नाही, आणि मागच्या सीटवरचं राज्य आपोआप मोडतं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही एवढंच टाका: “सोमवारपासून मुलांच्या जागा दर आठवड्याला फिरतील.” कारण देऊ नका, आणि नाव तर चुकूनही नको. ग्रुपवर एकदा नाव गेलं की विषय मुलांचा राहत नाही, दोन घरांचा होतो. गाडीत मदतनीस ताई असतील तर त्यांनी मधल्या रांगेत बसावं, तुमच्या शेजारी नाही.

आणि एक गोष्ट मला तुमच्या प्रश्नातच दिसली. तुम्ही त्या तिघांबद्दल लिहिताना “नववीतले” म्हटलंय, मुलींबद्दल “आठवीतल्या दोघी”. या मुलाला मात्र तुम्ही शेवटपर्यंत “आमचा जाडू” म्हणता. तुमच्या मनात माया आहे, हे वाचताना कळतं. पण त्याला रोज ऐकू येणाऱ्या गाण्यातला तो शब्द आहे. त्याला नावानं हाक मारा, मोठ्यानं, चढताना आणि उतरताना. बाकीची पोरं तुमचं बघून शिकतात. टोपणनावाचं मला वावडं नाही, आमच्या घरात सगळ्यांना एकेक आहे. ज्याचं नाव त्याला ते चालतंय ना, एवढं मात्र त्याला कधीतरी विचारायला हवं.

बाकी दहा मुलांकडे कुणी लक्ष देत नाही, तुमच्या प्रश्नातही ती ओझरतीच आली. टोरंटोतल्या शाळांच्या मैदानावर मुलांचं चित्रण करून केलेला एक अभ्यास २००१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की अशा दहातल्या जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती, पण मधे पडली ती पाचातल्या एखाद्याच प्रसंगात. आणि जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! आपण मोठी माणसं आठवडाभर सभा घेतो. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी बघणाऱ्या मुलांच्या भूमिका वेगवेगळ्या करून दाखवल्या: कुणी हात लावतं, कुणी हसून चेव आणतं, कुणी खिडकीबाहेर बघतं, कुणी बाजू घेतं. तुमच्या गाडीत खिडकीबाहेर बघणारे पाच-सहा तरी असणार. त्यांना ते गाणं आवडत नसतं, आपली पाळी येईल म्हणून ती म्हणतात.

त्यांना शूर बनवायला जाऊ नका. पाचवी-सहावीच्या मुलानं नववीतल्याला अडवावं, ही अपेक्षाच चूक. छोटं काम द्या. तुम्ही लिहिलंय की आठवीतली एक मुलगी कधीकधी “ए, बास” म्हणते. तिला वेगळं गाठून एवढंच सांगा, “तू बोललीस ते मला ऐकू आलं. बरं केलंस.” दुसऱ्या एखाद्याला सांगा, याच्या शेजारी बस, क्रिकेटचं बोल. गाणं सुरू झालं की तोंड मिटून बसायचं. चौदातल्या सहांनी तोंड मिटलं तर गाण्याचा आवाज किती राहील, विचार करा.

आता त्या तिघांविषयी. ती पोरं राक्षस नाहीत. माझ्या अनुभवात यातली काही स्वतः कुठेतरी मार खात असतात, घरी किंवा मोठ्या मुलांकडून. काही मात्र अजिबात नाहीत. त्यांना फक्त सगळ्यांना हसवण्याची चटक लागलेली असते आणि कुणी कधी थांबवलेलं नसतं. कुठला प्रकार ते लांबून सांगता येत नाही, आणि तुम्ही ते शोधायचंही नाही. ते शाळेचं काम. एक मात्र कुणालाही करू देऊ नका: दोघांना समोरासमोर उभं करून “हातात हात द्या, आता मित्र व्हा.” हा आपल्या शाळांचा आवडता विधी आहे. मीही केलाय. आठवीतल्या दोघांना माझ्या खोलीत बसवलं, माफी मागायला लावली, चहा-बिस्किटंसुद्धा दिली. मोठ्या कौतुकानं मी मुख्याध्यापकांना सांगायला गेले. ज्याला त्रास होत होता तो मुलगा त्यानंतर माझ्या खोलीकडे फिरकला नाही. ज्याला तो घाबरत होता त्याच्याच हातात मी त्याचा हात दिला होता. बरोबरीच्यांच्या भांडणात समेट चालतो. इथे बरोबरीच नाही.

सांगायचं कुणाला? माझा क्रम असा आहे: आधी मुलगा, मग त्याचं घर, मग शाळा. त्या तिघांच्या पालकांकडे तुम्ही थेट जाऊ नका, तो निरोप शाळेकडून गेला पाहिजे. पण जायच्या आधी आठ-दहा दिवस एका वहीत लिहून ठेवा. तारीख, सकाळची फेरी की दुपारची, काय घडलं, कोण कुठे बसलं होतं. मत लिहायचं नाही, दिसलं तेवढंच. “फार वाईट पोरं आहेत” या वाक्याला कुणीही उडवून लावेल. “मंगळवारी परतीच्या फेरीत डबा घेतला, गुरुवारी पुन्हा घेतला, शुक्रवारी दप्तर खिडकीबाहेर धरलं” याला उडवता येत नाही.

त्याच्या घरी सांगाल तेव्हा बहुधा आई रडेल आणि बाबा म्हणतील, “तू पण एक ठेवून द्यायचीस.” हे ऐकल्यावर मूल पुढच्या वेळी बाबांना काही सांगत नाही, कारण ठेवून देणं त्याला जमणार नसतं आणि आता त्याची लाजही वाटते. हे खरं आहे की काही मुलं एकदा ठाम उभी राहिली आणि त्रास थांबला, अशी उदाहरणं मी पाहिलीत. पण ती बहुतेक एकास एकची होती. तिघांसमोर पाचवीतला मुलगा उभा ठाकला तर काय होईल ते तुम्हीच सांगा. बाबांना म्हणा, तूर्त त्याला एवढंच सांगा की “तुझी चूक नाही, आणि तू मला सांगितलंस हे बरं केलंस.” शिकवायचंच असेल तर मी खोलीत मुलांकडून दोनच गोष्टी घोकून घेते. एक, सपाट उत्तर: “बरं, मग?” म्हणायचं आणि मान दुसरीकडे वळवायची. मी चिडवणाऱ्याचं सोंग घेते, ते उत्तर देतात, हसून पोट दुखेपर्यंत आम्ही ते करतो. दोन, मोठ्यांना सांगण्याची पद्धत: कधी, कुठे, काय केलं, कोण बघत होतं. इतकं जमलं की त्या मुलाला “छळ” हा शब्द लागत नाही.

शाळेत सांगायची जागा तुमच्या हक्काची आहे, बऱ्याच चालकांना हे माहीत नसतं. महाराष्ट्राच्या २०११च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी आणि तीत पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधीही असतो. (तुमची गाडी नियमात कितपत बसते ते मी विचारत नाही, तेवढं तुम्ही बघा.) प्रत्यक्षात किती ठिकाणी ही समिती भरते तो वेगळा विषय, पण “परिवहन समितीपुढे ठेवायचं आहे” असं म्हटलं की बोलणं चहाडीचं राहत नाही, कामाचं होतं. लेखी द्या आणि पोच घ्या. सीबीएसईची शाळा असेल तर त्या मंडळानं २०१५मध्ये शाळांना अशा त्रासाविरुद्ध समिती नेमायला सांगितलं आहे, त्याचा उल्लेख करा. राज्य मंडळाची असेल तर मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी आहे का, ते विचारा.

हे सगळं मी लिहिलं ते तुम्ही सांगितलेल्या प्रकारापुरतं. काही गोष्टी दिसल्या तर वही, क्रम, समिती यांची वाट बघू नका. जातीवरून बोलत असतील, कपडे ओढणं किंवा नको तिथे हात लावणं असेल, कुणी मोबाइलवर चित्रण केलं असेल, पैसे मागत असतील, किंवा मुलगा “मला जगायचंच नाही” असं काही बोलला, हसत बोलला तरी, तर त्याच दिवशी घरी आणि शाळेत सांगा. लैंगिक प्रकार असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं तो कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे, चालकावरसुद्धा. चित्रफीत कुणाला पुढे पाठवू नका, पुरावा म्हणूनही नाही. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे कुणीही मोठा माणूस फोन करू शकतो. मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ आहे. दोन्ही गाडीत, मुलांना दिसेल असे चिकटवून ठेवा.

राहिला हप्ता. त्या घरानं तिन्ही मुलं काढून घेतली तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि “चांगुलपणाचं फळ मिळतंच” असं म्हणायला मला लाज वाटेल. एवढं सांगते, जागा फिरवणं आणि सपाट आवाजात “डबा परत दे” म्हणणं, यात गिऱ्हाईक तुटायचं कारण नाही. आजपासून करण्यासारखं ते आहे. शाळेला लेखी देणं त्यानंतरचं. तिथे जाताना त्या मुलाच्या पालकांना सोबत घ्या, म्हणजे तक्रार तुमच्या एकट्याच्या नावावर राहणार नाही. आणि महिन्याभरात काहीच हललं नाही, तर मग तो निर्णय तुमचा आहे. मी तो तुमच्यासाठी इथे बसून घेऊ शकत नाही.

पंधरा दिवसांनी मात्र जरूर लिहा. विशेषतः जागा फिरवायला लागल्यावर मागच्या कोपऱ्यात आता कोण बसतं आणि त्याचा डबा किती रिकामा होतो, ते बघा. या मुलाचा त्रास थांबतो आणि राज्य गुपचूप चौथ्याच कुणावर जातं, असं मी पुष्कळदा पाहिलंय. बहुतेक वेळा ते शेजारच्या रांगेतलं, खिडकीबाहेर बघणारं मूल असतं.